पावती आणि पत

दसरा-दिवाळी जवळ आली की बाजारात कापडी फलक झळकू लागतात. 'अमुक रुपयांची खरेदी करा, पावती दाखवा, कूपन भरा आणि मोटारसायकल जिंका!' जिंतूरसारख्या तालुक्याच्या बाजारपेठेलाही हे आता नवे राहिलेले नाही. सोयाबीन-कापसाचा पैसा हाती आलेला असतो, घरात कपडालत्ता घ्यायचा असतो. त्यात नशीब अजमावले तर बिघडले कुठे? बक्षिसाच्या लोभाला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नव्हे. पण ज्या पावतीवर हा सारा खेळ उभा असतो, तिची काळजी कोण घेतो, हे मात्र विचारले पाहिजे.

बँकेच्या नोकरीत उमर गेल्याने कागदाकडे पाहण्याची एक खोड जडते. पैसे दिले की व्हाउचरवर 'पेड'चा शिक्का पडलाच पाहिजे. शिक्का नसलेला कागद उद्या पुन्हा खिडकीवर येऊ शकतो. नोंद करणारा एक, तपासणारा दुसरा. दोघेही सज्जन असले तरी नियम सुटत नाही. बक्षीस योजनेचे हिशेबही याच जातीचे आहेत. एकच पावती घरातल्या चौघांनी चार नावांनी भरायची, गिऱ्हाइकाने टाकून दिलेली पावती गल्ल्यावरच्या पोऱ्याने उचलायची, ओळखीच्या दुकानदाराकडून माल न घेताच बिल फाडून आणायचे, आणि आता तर मोबाइलमधल्या फोटोतला आकडाच बदलायचा! युक्त्या जुन्याच, साधने तेवढी नवी.

यावर उपाय आहेत. केंद्र सरकारने १ सप्टेंबर २०२३ रोजी 'मेरा बिल मेरा अधिकार' ही योजना काही राज्यांत प्रयोगादाखल सुरू केली. आसाम, गुजरात, हरियाणा आणि काही केंद्रशासित प्रदेश त्यात होते, महाराष्ट्र नव्हता. बिल किमान २०० रुपयांचे हवे, एका माणसाला महिन्याला २५ बिलांची मर्यादा. बिलाच्या फोटोसोबत दुकानाचा जीएसटी क्रमांक, बिलाचा क्रमांक, तारीख आणि रक्कम भरावी लागे. तेच बिल दुसऱ्यांदा आले किंवा दुकानाची नोंदणी चालू नसली, तर संगणक ते परत लावी. बक्षिसे दहा हजारांपासून एक कोटीपर्यंत. आमच्या 'पेड'च्या शिक्क्याचेच हे नवे रूप म्हणायचे.

पण गिऱ्हाइकावर एवढा पहारा ठेवताना आयोजकावर कोणाचा पहारा? जगातली मोठी उदाहरणे पाहा. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या 'मोनोपॉली' खेळातली मोठी बक्षिसे वर्षानुवर्षे ठरावीक माणसांकडे जात होती. बक्षिसाचे तुकडे सांभाळण्यासाठी नेमलेला सुरक्षाप्रमुखच ते चोरून विकत होता, हे २००१ मध्ये उघड झाले. फिलिपिन्समध्ये १९९२ साली पेप्सीने ३४९ हा विजयी आकडा जाहीर केला आणि तो आकडा लाखो झाकणांवर छापलेला निघाला. कंपनीने कबूल केलेली रक्कम नाकारली, दंगली उसळल्या, माणसे मेली. या दोन्ही ठिकाणी घात झाला तो आतूनच. गिऱ्हाइकाने खोटी पावती केली तर एक बक्षीस जाते. आयोजकाने घोळ केला तर सगळ्या गावाचा विश्वास जातो.

आपला कायदा याबाबत गप्प नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा विकलेल्या मालाची पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानतो. बक्षीस योजनेचा अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवणेही त्यात येते. ज्या वर्तमानपत्रात योजनेची जाहिरात दिली, त्याच वर्तमानपत्रात वाजवी मुदतीत निकाल ठळकपणे छापला, तर तो कळवला असे धरले जाते. आता आठवून पाहा, सोडतीची जाहिरात आपण किती वेळा वाचली आणि निकाल किती वेळा!

आणखी एक अडचण आहे. नुसता माल विकणाऱ्या दुकानदाराची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर त्याला सहसा जीएसटीची नोंदणी लागत नाही. म्हणजे गल्लीतल्या किराणावाल्याचे हाताने लिहिलेले बिल खरे असूनही अशा योजनेत बसत नाही. म्हणून गावच्या व्यापाऱ्यांनी योजना काढताना छापील क्रमांकाची पावतीपुस्तके सर्व दुकानांना द्यावीत, स्थळप्रत जपावी, कूपन देतानाच पावतीवर शिक्का मारावा. सोडत चौकात काढावी आणि दुकानदारांच्या नातलगांना तिच्यातून वगळावे. यात खर्चाचे असे काय आहे?

हे सारे एका मोटारसायकलीसाठी कशाला, असे कोणी म्हणेल. वाचकहो, २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही म्हणून हजारो तक्रारी झाल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. अशा वेळी शेतकऱ्याच्या हाती काय लागते? बियाण्याची पिशवी, तिचा टॅग, थोडे राखून ठेवलेले बी आणि दुकानाची पक्की पावती. पावती नसेल तर पिशवी कोणाकडून घेतली हेच सिद्ध करताना त्याचा जीव मेटाकुटीला येतो.

मोटारसायकलीच्या आशेने का होईना, माणसे पावती मागायला आणि जपून ठेवायला शिकत असतील तर ते सोन्याहून पिवळे. पण ती आशा एकदा खोटी ठरली, की माणूस पुढची पावती दुकानाच्या पायरीवरच चुरगाळून टाकतो. त्यात एखादे दिवशी बियाण्याचीही असते.