पिवळ्या बाटलीची चार नावं

१७७१ मध्ये पीटर वूल्फ या रसायनतज्ज्ञानं निळीवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली, तेव्हा रेशीम पिवळंधमक रंगवणारा एक पदार्थ हाती आला. तो इतका कडू, की १८४१ मध्ये द्युमा या फ्रेंच शास्त्रज्ञानं ग्रीकमधल्या ‘कडू’ या शब्दावरून त्याचं नाव ठेवलं : पिक्रिक आम्ल.

पुढे हा रंग तोफगोळ्यांत भरला जाऊ लागला आणि प्रत्येक देशानं त्याचं नवं बारसं केलं. फ्रेंचांनी पिवळसर रंगावरून मेलिनाइट म्हटलं. इंग्रजांनी केंटमधल्या लिड गावात चाचण्या घेतल्या, म्हणून लिडाइट. जपान्यांनी आपल्या शिमोसे नावाच्या अभियंत्याचं नाव दिलं. १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईत रशियन आरमारावर हेच गोळे पडले. चव, रंग, गाव, माणूस सगळं या नावांत आलं. धोका मात्र एकाही नावात नाही.

धोका न सांगण्याची किंमत कॅनडातल्या हॅलिफॅक्सनं मोजली. ६ डिसेंबर १९१७ च्या सकाळी ‘माँ ब्लाँ’ हे फ्रेंच मालवाहू जहाज बंदरात दुसऱ्या जहाजाशी धडकलं आणि पेटलं. पोटात दोन हजार टनांहून अधिक पिक्रिक आम्ल; पण स्फोटकांची खूण असलेला लाल झेंडा जहाजावर नव्हता. आग बघायला लोक किनाऱ्यावर जमले, घराघरांतल्या खिडक्यांशी उभे राहिले. सुमारे वीस मिनिटांनी जहाज फुटलं. १,७०० हून अधिक माणसं गेली, आणि खिडकीची काच डोळ्यांत घुसून कितीतरी जण आंधळे झाले. जहाजात काय आहे हे ठाऊक असतं, तर त्यातले बरेच खिडकीपासून दूर पळाले असते.

ही केवळ जुनी गोष्ट नाही. रक्तातलं क्रिएटिनिन मोजण्याच्या याफेच्या चाचणीत हेच आम्ल लागतं, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांतही ते असतं. पाण्यात भिजलेलं असेपर्यंत ते बरंचसं शांत राहतं. वर्षानुवर्षं फळीवर पडून पाणी उडालं, की उरलेले कोरडे स्फटिक घर्षणानं वा धक्क्यानं फुटू शकतात. धातूशी संयोग होऊन बनणारे क्षार तर त्याहून नाजूक. बाटलीवर ‘आम्ल’ एवढंच वाचणाऱ्या नव्या मदतनिसाला हे कसं कळावं? ठळक अक्षरांत ‘स्फोटक, कोरडं होऊ देऊ नये’ असं लिहिणं आणि वर्षातून दोनदा पाण्याची पातळी बघणं हे संस्थाचालकांचं कर्तव्यच आहे.

जुन्या कपाटात अशी सुकलेली बाटली सापडली, तर झाकण फिरवू नका, बाटली हलवू नका. खोली रिकामी करा आणि पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकाला बोलवा.