बाळंतविड्यात आईचे काय?

घरात बाळ येणार म्हटले की बाळंतविड्याची तयारी सुरू होते. झबली, टोपरी, कुंची, दुपटी, लंगोट यांनी पिशव्या भरतात. आईसाठी एखादी भारी साडी घेतली जाते. ती बारशाला एकदा नेसली जाते आणि कपाटात जाते. मधल्या दिवसांत त्या माउलीने अंगावर काय घालावे, याचा विचार क्वचितच होतो. आपल्यातील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कापडाच्या व्यवसायात असल्याने हा विषय येथे मांडावासा वाटला.

आपल्या आज्या-पणज्यांनी तो विचार केला होता. पुढे गाठ मारायची चोळी पाजणाऱ्या आईला सोयीची होती. अंग भरून आले की गाठ सैल करता येई. धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडे पोटाला गुंडाळले जाई, त्याने सैलावलेल्या पोटाला आधार मिळे. गर्भाशय पूर्ववत होण्यास साधारण सहा आठवडे लागतात. आपल्याकडील सव्वा महिन्याची विश्रांती त्याच्या जवळपासचीच आहे.

आता परिस्थिती बदलली आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २५.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. म्हणजे चारांतील एक. या शस्त्रक्रियेचा छेद बहुधा ओटीपोटावर आडवा असतो आणि नेहमीच्या अंतर्वस्त्राचे किंवा लेगिंगचे इलॅस्टिक नेमके तेथेच रुतते. उपाय साधा आहे. पट्टी बेंबीच्या वर येईल असे उंच कमरेचे, मऊ सुती अंतर्वस्त्र घ्यावे. परकराची नाडीही जखमेवर येऊ देऊ नये.

पोटपट्ट्याविषयी मात्र गैरसमज फार. उठता-बसताना, खोकताना तो आधार देतो. पोट उतरवण्याचे यंत्र तो नव्हे. फार आवळल्यास श्वास कोंडतो आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर ताण येतो. म्हणून डॉक्टरांना विचारूनच तो बांधावा.

गाऊन निवडताना बाळाचाही विचार हवा. पुढची धातूची चेन बाळाच्या गालाला घासते. त्यापेक्षा एका हाताने उघडता येणारी चापबटणे बरी. स्तनांचा आकार दिवसातही बदलतो, म्हणून तारेची, घट्ट ब्रेसियर टाळावी. रुंद पट्ट्यांची, मऊ आणि पुढून उघडणारी घ्यावी. दूध पाझरते, तेव्हा आत ठेवायच्या सुती घड्या आणि गडद, छापील कापड उपयोगी पडते.

बँकेत असताना रजेवरून परतलेल्या सहकारी भगिनी छातीशी फाइल धरून वावरताना दिसत. त्यामागचे कारण आम्हा पुरुषांच्या ध्यानात येत नसे आणि त्या बोलत नसत. २०१७च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळाली. तरी त्यानंतर आमच्या गासमधून नालासोपारा स्थानक गाठायचे आणि विरार लोकलच्या गर्दीत उभे राहून चर्चगेटला जायचे, तर अंगावरचा कपडा आधार देणाराच हवा. घरच्या दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या सुनेला तर कायद्याची रजाही नाही. तिची रजा आपणच ठरवायची असते.

व्यापारी बांधवांना एक सूचना. असे कपडे मागायला स्त्रिया पुरुष विक्रेत्यांसमोर संकोचतात. दुकानात एक कोपरा आणि तेथे एक जाणती भगिनी नेमावी. माल मागवण्याआधी घरातील सुना-लेकींना विचारावे. शिवणकाम जाणणाऱ्या भगिनींना पंतप्रधान मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. दोन शिलाई यंत्रांनिशी आरंभ करण्यास ते पुरेसे आहे.

आणि पुढचा बाळंतविडा भराल तेव्हा भारी साडीच्या रकमेतून आईसाठी पुढून उघडणारे दोन सुती गाऊन आणि उंच कमरेची चार अंतर्वस्त्रे अवश्य ठेवा. माप तिलाच विचारा.