लाज आणि जखम

शरीराचे काही भाग असे आहेत की, तेथील दुखणे सांगताना मोठ्यांचीही जीभ अडखळते. मग चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींची काय कथा! दाढ दुखू लागताच घर डोक्यावर घेणारा मुलगा माकडहाडाजवळ गळू झाले तर महिनोन् महिने अवाक्षर काढीत नाही. बाकावर एका अंगावर कलून बसतो, खेळाच्या तासाला काही निमित्त काढतो, आणि कपड्यावर डाग पडले तर ते गुपचूप धुऊन टाकतो. अशा दुखण्याविषयी आपल्या वार्षिकात मोकळेपणाने लिहिले जावे, असे आम्हांस वाटते.

डॉक्टर या विकारास 'पायलोनायडल सायनस' म्हणतात. लॅटिन भाषेत 'पिलस' म्हणजे केस व 'निडस' म्हणजे घरटे. त्यांवरून 1880 साली हॉजेस नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी हे नाव दिले. नितंबांमधील घळीत सुटे केस घर्षणाने कातडीत शिरतात, आत पोकळी होते, ती पिकते आणि बारीक छिद्रातून पू वाहू लागतो. वयात येताना अंगावर राठ केस येऊ लागतात, तेव्हापासून हा विकार संभवतो. मुलींपेक्षा मुलांत तो अधिक आढळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1941 ते 1945 या वर्षांत, अमेरिकेच्या सुमारे 80,000 सैनिकांना त्यापायी रुग्णालयात राहावे लागले, आणि जीप गाडीतील धक्क्यांशी संबंध जोडून त्यास 'जीपचा रोग' असेही म्हटले गेले. तेव्हा हा विकार झाला म्हणजे मुलगा गलिच्छ, हा समज प्रथम टाकून दिला पाहिजे.

पू साचला असेल तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. चीर देऊन तो काढावा लागतो. विकार पुनःपुन्हा उद्भवू लागला म्हणजे शस्त्रक्रिया करितात. कधी जखम टाके घालून मिटवितात, कधी उघडी ठेवितात. उघडी जखम तळापासून वर भरत यावी लागते, आणि त्यास कित्येक आठवडे, क्वचित महिनेही लागतात. वरची कातडी आधी मिटली आणि आत पोकळी राहिली, तर खड्ड्यात माती न घालता वर फळी टाकल्यासारखे होते.

या काळातील काम साधे, पण रोजचे आहे. उघडी जखम डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे रोज व शौचानंतर स्वच्छ कोमट पाण्याने धुवावी, अलगद टिपावी व पट्टी बदलावी. टाके असल्यास पाणी केव्हा लावावयाचे, ते विचारून घ्यावे. पट्टी बांधणाऱ्याने आधी व नंतर साबणाने हात धुवावेत. भोवतालचे केस, तसेच डोक्यावरून व पाठीवरून गळून आलेले केस, जखमेत राहू देऊ नयेत. हळद, राख, तेल असले काही मनाने भरू नये. पावसाळ्यात ओले कपडे अंगावर ठेवू नयेत. आहारात डाळ, दूध, अंडी, मासे असावेत. शौचास कुंथावे लागू नये म्हणून भाजी, फळे व भरपूर पाणी घ्यावे. ताप, वाढती वेदना, लाली, दुर्गंधी किंवा रक्तस्राव दिसताच डॉक्टरांकडे जावे.

आता मुख्य मुद्दा. ही जखम ज्याची त्याला दिसत नाही. तिला दुसऱ्याचे डोळे व दुसऱ्याचे हात लागतात; ते आईचे असोत, वडिलांचे असोत वा दवाखान्यातील परिचारिकेचे असोत. मूल लाजले आणि घरच्यांनीही 'असल्या गोष्टी बोलू नयेत' म्हणून दटावले, तर पट्टी दोन-दोन दिवस तशीच राहते, आणि कुशल हातांनी केलेली शस्त्रक्रियाही वाया जाण्याची भीती असते.

शाळेचेही येथे कर्तव्य आहे. अशा विद्यार्थ्याला वर्गात मधून मधून उभे राहण्याची मुभा द्यावी, कवायतीतून सूट द्यावी, बुडालेला अभ्यास घरी पोचवावा. डॉक्टरांची चिठ्ठी वर्गात मोठ्याने वाचू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या शौचालयाच्या दाराला कडी नाही व नळाला पाणी नाही, तेथे हे मूल पट्टी कोठे बदलणार? ती सोय न करिता फळ्यावर स्वच्छतेचे सुविचार लिहिण्यात काय हशील आहे? दहावीचे वर्ष अशा कारणाने हातचे गेले, तर तो दोष एकट्या दुखण्याच्या माथी मारता येणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, सहाध्यायी उभा राहून धडा वाचीत असेल तर त्यास हसू नका. आणि तुमच्यापैकी कोणी असले दुखणे लपवीत असाल, तर आज सायंकाळीच घरी सांगा. घरी जीभ रेटत नसेल, तर ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे अशा शिक्षकांना सांगा. सांगितलेले दुखणे लवकर वैद्याच्या हाती पडते.