ग्रुपमधलं वेट लॉस चॅलेंज: फोन काय मोजतो, लीडरबोर्ड काय करतो आणि माझी शीट कुठे चुकली

फेब्रुवारी २०२५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी लठ्ठपणाचा विषय काढला आणि जेवणातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करा, असं आवाहन केलं. लगेच त्यांनी दहा जणांना नॉमिनेटही केलं. आनंद महिंद्रा, सुधा मूर्ती, नंदन निलेकणी, मनू भाकर, मीराबाई चानू, श्रेया घोषाल अशी त्यातली नावं. या प्रत्येकाने पुढे आणखी दहा जणांना ओढायचं. २०१४ चं आइस बकेट चॅलेंज आठवत असेल तर ही आयडिया तुम्हाला नवी नाही. दहाचे शंभर, शंभराचे हजार.

ती पोस्ट आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर आली आणि कोणीतरी लिहिलं, "तेलाचं सोडा रे, डायरेक्ट वजनच घ्या." आम्ही आठ जण. तिघं पुण्यात, बाकीचे कोल्हापूर, नाशिक, बंगळुरू, मुंबई आणि डब्लिनला. इंजिनिअरिंगनंतरच्या सहा वर्षांत सगळ्यांचीच पॅंटची साइज वाढलेली. ठरलं: बारा आठवडे, प्रत्येकी पाचशे रुपये, ज्याचं वजन टक्केवारीत सगळ्यात जास्त उतरेल तो चार हजार घेणार. शीट बनवायचं काम अर्थातच माझ्याकडे, कारण "तू कोडिंगवाला आहेस ना".

असं चॅलेंज तुमच्याही ग्रुपवर आलं असेल, नाहीतर येईल. ऑफिसचा एचआर पाठवेल, एखादं ॲप पाठवेल, आता तर आरोग्य विमा कंपन्याही रोजच्या पावलांवर प्रीमियममध्ये सूट देतात. म्हणून आधी यामागची मशिनरी कशी चालते ते बघू. आमच्या शीटची भानगड त्यानंतर सांगतो.

पावलांपासून सुरुवात करू. फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर नावाची छोटी चिप असते. फोनला कुठल्या दिशेने किती झटका बसला, हे ती तीन अक्षांवर सतत मोजते. माणूस चालतो तेव्हा सेकंदाला साधारण दोनदा ठरावीक लयीत वर-खाली होतो. ही लय ओळखली की एक पाऊल धरायचं. अँड्रॉइडमध्ये २०१३ च्या किटकॅट व्हर्जनपासून यासाठी वेगळा स्टेप काउंटर सेन्सर आहे. त्याच वर्षी आयफोन ५एस मध्ये ॲपलने मोशनसाठी वेगळी छोटी चिप दिली. त्यामुळे मुख्य प्रोसेसर झोपलेला असतानाही पावलं मोजली जातात आणि बॅटरी फारशी खात नाहीत.

यातली गंमत अशी की फोनला 'चालणं' माहीतच नाही, त्याला फक्त लय माहीत आहे. चीनमध्ये वुईचॅटवर मित्रांच्या पावलांचा रॅंक लागायला लागला, तेव्हा बाजारात फोन हलवत ठेवणारी छोटी यंत्रं विकायला आली. फोन त्यात अडकवा, तुम्ही झोपा. आमच्या नाशिकवाल्याला यंत्र लागलं नाही. आयपीएलची मॅच बघताबघता फोन हातात हलवत त्याने सोफ्यावर तीन हजार पावलं काढली आणि वर स्वतःच कौतुकाने सांगितलं.

आणि दहा हजारांचा तो पवित्र आकडा? तो कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ मध्ये यामासा या जपानी कंपनीने कमरेला लावायचं एक मीटर विकायला काढलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. जाहिरातीतला आकडा साठ वर्षांनी तुमच्या घड्याळात येऊन बसला आहे. २०१९ मध्ये वयस्क अमेरिकन महिलांवरचा एक अभ्यास आला. त्यात रोज ४,४०० पावलांच्या आसपासच मृत्यूचा धोका बराच कमी दिसला आणि ७,५०० च्या पुढे फायदा सपाट झाला. २०२५ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून मांडणी झाली, तीही ७,००० च्या आसपास येऊन थांबते. म्हणजे रात्री साडेअकराला ९,२०० वर असताना हॉलमध्ये येरझाऱ्या घालायची खरं तर गरज नाही. (मी घातल्या आहेत. आईने विचारलं, कसलं टेन्शन आहे का.)

मित्रांसोबत केल्याने खरंच फरक पडतो का? पडतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी डेलॉइट कंपनीतल्या वजन जास्त असलेल्या ६०२ कर्मचाऱ्यांवर २४ आठवड्यांचा प्रयोग केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला फक्त पावलं मोजायचं बॅंड. बाकी तीन गटांना गेम: एकात घरचं माणूस पाठिंब्याला, एकात टीम करून सहकार्य, एकात तिघांची स्पर्धा. तिन्ही गेममध्ये लोक जास्त चालले, पण स्पर्धेवाले सर्वात पुढे, नुसत्या बॅंडवाल्यांपेक्षा रोज सुमारे ९२० पावलं जास्त. गेम बंद झाल्यावर पुढचे बारा आठवडे बघितलं, तर फरक फक्त स्पर्धेच्या गटातच टिकला होता.

हे वाचून मी खूश झालो होतो. माझ्या शीटलाही लीडरबोर्ड होता ना! पण त्या गेमची रचना मी तेव्हा नीट वाचलीच नव्हती. तिथे प्रत्येकाचं टार्गेट त्याच्या स्वतःच्या आधीच्या चालण्यावरून ठरत होतं. दर सोमवारी प्रत्येकाच्या खात्यात ७० पॉइंट आधीच जमा, आणि टार्गेट चुकलेल्या प्रत्येक दिवसाला १० वजा. म्हणजे मागचा आठवडा वाईट गेला तरी सोमवारी सगळे परत सारख्याच रेषेवर. आणि मोजलं जात होतं ते चालणं, म्हणजे जे आपल्या हातात आहे ते. वजन नाही.

वजन किती हातात असतं ते बघा. मिठाचं खाल्लं, पाणी जास्त प्यायलं, पोट साफ झालं नाही, पाळी जवळ आली, की काटा एका दिवसात किलो-दीड किलो इकडे-तिकडे होतो. त्यात चरबीचा काही संबंध नसतो. म्हणून काट्याचा एक आकडा धरायचा नाही, सात दिवसांची सरासरी धरायची आणि ती खाली सरकते का एवढंच बघायचं. सिग्नल प्रोसेसिंग शिकलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं. मी काय केलं? दर सोमवारी सकाळचा एकच आकडा घेतला, पहिल्या वजनातून वजा केला, टक्केवारी काढली, त्यावर सॉर्ट लावलं. वजन घटलं तर ओळ हिरवी, वाढलं तर लाल. कंडिशनल फॉरमॅटिंग, दोन मिनिटांचं काम. मग स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकायचा.

आमच्यातल्या एका मैत्रिणीला पीसीओएस आहे. तिची ओळ पाचपैकी चार सोमवारी लाल होती. मध्ये गुढीपाडवा आला, श्रीखंड झालं, तेव्हा सगळ्यांचीच वाढली. पण बाकीचे पुढच्या आठवड्यात हिरवे झाले, ती झाली नाही. ग्रुपवर कोणी वाईट बोललं नाही. "रेड सिग्नल", ट्रॅफिक पोलिसाचा स्टिकर, नेहमीची मस्करी. तिनेही हसायचा इमोजी टाकला. सहाव्या सोमवारी तिची ओळ हिरवी झाली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. दोन दिवसांनी ती ग्रुपमधून बाहेर पडली.

मी फोन केला तेव्हा कळलं. रविवारी दुपारनंतर ती जेवली नव्हती आणि संध्याकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. सोमवारी वजन करून ऑफिसला निघाली आणि मेट्रोच्या जिन्यात चक्कर आली. एका बाईंनी धरून बसवलं, लिंबू सरबत दिलं. ती म्हणाली, "अरे, तुम्ही चिडवता त्याचं काही नाही. पण तुझी शीट दर सोमवारी मला नापास करत होती. आणि मी चारशे पावलांवरून सहा हजारांवर गेले, त्याचा कॉलमच नव्हता."

खरंच नव्हता.

पुढे तिने एकच गोष्ट सांगितली: माझे आकडे काढून टाक. मी ओळ डिलीट केली आणि "झालं" म्हणून कळवलं. रात्री लक्षात आलं की काहीच झालेलं नाही. गुगल शीटला व्हर्जन हिस्टरी असते. एडिटचा ॲक्सेस असलेला कोणीही मागची तारीख उघडून ती ओळ जशीच्या तशी बघू शकतो. बरेच जण वजनाचा टॅब 'हाइड' करतात, त्याचाही उपयोग नाही, एडिटर तो उघडू शकतो. शेवटी नवी फाइल केली, जुनी कचऱ्यात टाकली आणि कचराही रिकामा केला, नाहीतर ती तिथे तीस दिवस पडून राहते. पण स्क्रीनशॉट? व्हॉट्सॲपवर 'सगळ्यांसाठी डिलीट' साधारण अडीच दिवसांपर्यंतच चालतं. तोवर ते फोटो सात फोनच्या गॅलरीत उतरलेले, तिथून कोणाकोणाच्या क्लाउड बॅकअपमध्ये गेलेले. प्रत्येकाला वैयक्तिक मेसेज करून डिलीट करायला लावले. डब्लिनवाल्याने तीन दिवस घेतले.

आता यात कायदा कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी लागू होतील असं त्यात ठरलं. पण एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी हाताळलेल्या डेटाला हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे ॲप कंपनीकडे 'माझा डेटा पुसा' म्हणायचा हक्क तुम्हाला मिळतो, मित्राच्या शीटपुढे नाही. तिथे फक्त तो मित्र शहाणा असावा लागतो. शिवाय २०११ च्या जुन्या नियमांत आरोग्याची माहिती 'संवेदनशील' अशा वेगळ्या वर्गात होती. नव्या कायद्यात तसा वेगळा वर्ग नाही, तुमचं वजन आणि तुमचा ईमेल एकाच पंक्तीला. मला हे पटत नाही. ईमेल बदलता येतो.

ॲपवालं चॅलेंज असेल तर परमिशन बघा. पावलं मोजायला 'फिजिकल ॲक्टिव्हिटी' पुरते. कॉन्टॅक्ट्स मागितले तर त्याला तुमचे मित्र हवे आहेत, तुमची पावलं नकोत. लोकेशन रूट दाखवायला लागतं, पण ते कुठवर जातं याचं उदाहरण मोठं आहे: स्ट्राव्हाने सगळ्या युजर्सचे रूट एकत्र करून जगाचा हीटमॅप काढला आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की त्यावर अमेरिकन सैन्याचे तळ चमकतायत, कारण जवान तिथे जॉगिंग करत होते. सैन्याचं हे, तर तुमच्या सोसायटीचं गेट काय घेऊन बसलात. नव्या अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जच्या सर्चमध्ये 'हेल्थ कनेक्ट' टाका. कुठलं ॲप पावलं वाचतंय, कुठलं वजन वाचतंय ते वेगवेगळं दिसेल आणि एकेक बंद करता येईल.

पैशांबद्दल थोडंसं. पैज लावल्याने वजन उतरतं, हे खरं आहे. २००८ मध्ये जामा या नियतकालिकात आलेल्या ५७ जणांच्या प्रयोगात स्वतःचे पैसे डावावर लावणाऱ्यांचं सोळा आठवड्यांत सरासरी १४ पौंड उतरलं, नुसतं वजन करणाऱ्यांचं जेमतेम ४. पण सात महिन्यांनी तपासलं तेव्हा बरंचसं परत आलं होतं आणि दोन गटांत ठाम म्हणावा असा फरक उरला नव्हता. आमच्या विजेत्याचं ५.८ टक्के उतरलं, चार हजारांची त्याने पार्टी दिली, आणि दिवाळीपर्यंत तो मूळपदावर. आणखी एक, भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो. पॉट सांभाळणाऱ्याने पैसे दिले नाहीत तर कोर्टात जाऊन उपयोग नाही. आणि २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही भारतात आल्यापासून वजनाच्या पैजेत कोण चालतोय आणि कोण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आहे, हे शीटला कुठे कळतं?

खरं तर महाराष्ट्राला हे सगळं नवं नाही. २०१८-१९ मध्ये घराघरात 'दीक्षित की दिवेकर' चालू होतं. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळा जेवणाच्या पद्धतीचे व्हॉट्सॲप ग्रुप गावोगावी होते, त्यात शिरताना फास्टिंग इन्सुलिन आणि एचबीएवनसी करून घ्या असं सांगायचे. ऋजुता दिवेकरांनी २०१८ मध्ये बारा आठवड्यांचा प्रोजेक्ट चालवला, दर आठवड्याला एक सवय. डाएट कोणाचं बरोबर, या वादात मी पडत नाही. पण दोन्हीकडे पहिल्या दिवशी किंवा दर आठवड्याला हातात काहीतरी ठोस करायचं होतं. आमच्याकडे फक्त रॅंक होता.

दिवाळीनंतर आम्ही दुसरी फेरी सुरू केली. वजन प्रत्येकाच्या स्वतःच्या फोनवर राहतं, शीटमध्ये येतच नाही. पहिल्या दोन आठवड्यांची सरासरी पावलं काढायची, त्यावर दीड हजार चढवायची, ते तुमचं टार्गेट. सोमवारी ७० पॉइंट, चुकलेल्या दिवसाला १० वजा, त्या प्रयोगातून सरळ उचललंय. आजारी असाल तर दिवस गोठवायचा, कारण विचारायचं नाही. रंग एकच. नाशिकवाला सोफ्यावरून पावलं काढतो का? काढत असेल. टार्गेट त्याच्याच सरासरीवरून ठरतं, त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत फोन हलवला असेल तर आता रोज हलवत बसावं लागतंय.

ती मैत्रीण ग्रुपवर आहे, शीटमध्ये नाही. मी विचारलं होतं, ती नको म्हणाली. रात्री नऊला ती आणि कोल्हापूरवाली कॉलवर बोलत आपापल्या रस्त्याने चालतात. डॉक्टरांनी औषध बदललंय, एवढं तिने सांगितलं. बाकी मी विचारत नाही.