डोंगराची उंची आणि गावाचा वाटा

सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसाला बाजारात किंमत आहे, हे मुंबईच्या भांडवलाला शंभर वर्षांपूर्वीच उमगले होते. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली सुरू झाले. घाटमाथ्यावर अडविलेले पाणी कोकणात सोडून निर्माण केलेल्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. त्या इतिहासाचे दुसरे पर्व आता सुरू होऊ पाहत आहे. जून २०२३ मध्ये राज्य शासनाने एनएचपीसी या केंद्रीय कंपनीशी चार उदंचन प्रकल्पांसाठी एकूण ७,३५० मेगावॅटचा सामंजस्य करार केला. त्यात सावित्री नदीच्या नावाचा २,२५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. त्याच वर्षी कर्जतमधील ३,००० मेगावॅटच्या प्रकल्पासाठी टॉरेंट पॉवरशी आणि भिवपुरीच्या १,००० मेगावॅटसाठी टाटा पॉवरशी करार झाले. रायगड जिल्ह्यातील डोंगरांना पुन्हा मागणी आली आहे.

पोलादपूर तालुक्यात उंचावर वसलेल्या कुडपणसारख्या गावाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. पर्यटकाला तेथे कडे, धुके आणि धबधबे दिसतात. अभियंत्याला त्याच कड्यांत पाण्याच्या पतनाची उंची दिसते. प्रकल्पाची जागा पुढेमागे कोणतीही ठरो. ज्या गावांच्या माथ्यावर आणि पायथ्याशी जलाशय होतील, ती अशीच असणार. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. उतारावरच्या नाचणी-वरीवर घर चालत नाही म्हणून कर्ती माणसे मुंबईला जातात. याच जिल्ह्यातील कातकऱ्यांची स्थिती तर याहून बिकट आहे. केंद्राने विशेष असुरक्षित मानलेल्या राज्यातील तीन आदिम जमातींपैकी ती एक. पावसाळा संपला की वीटभट्टीची वाट धरायची आणि पुढचा पावसाळा येता येता परतायचे, हा त्यांतील कित्येक कुटुंबांचा वार्षिक क्रम आहे. ज्या झोपडीत राहायचे तिच्याखालची जमीनही अनेकदा त्यांच्या नावावर नसते.

अशा प्रदेशात वीजकंपनी येते तेव्हा ती स्थानिकांसाठी काय करणार, हा प्रश्न विचारला जातोच. उत्तरही ठरलेले असते : शाळेला संगणक, आरोग्य शिबिर, महिलांना शिवणयंत्रे, वृक्षारोपण. ही कामे निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणणार नाही. लोणावळ्यानजीक वळवण येथे टाटा कंपनीने महाशीर माशाच्या संवर्धनाचे जे काम अनेक वर्षे केले, त्याची दखल घ्यावीच लागेल. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे २०१४ पासून बंधनकारक केले, हेही पुढचे पाऊल होय. परंतु कोणते काम, कोणत्या गावात आणि किती वर्षे, हे कंपनीचे संचालक मंडळ ठरविते. स्थानिक क्षेत्राला प्राधान्य द्यावे असे कायदा सांगतो खरा, पण ती सूचना आहे, सक्ती नव्हे. म्हणजे गावाला जे मिळते ते दात्याच्या इच्छेने मिळते. दान आणि देणे यांतील हा भेद आहे, आणि सारा प्रश्न त्या भेदाशी येऊन थांबतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला रिकार्डोचा खंडसिद्धान्त ठाऊक असतो. जमिनीच्या ठायी असलेल्या नैसर्गिक गुणामुळे जे जादा उत्पन्न मिळते, ते श्रमाचे वेतनही नसते आणि भांडवलाचा नफाही नसतो. तो खंड असतो. जलविद्युतेच्या बाबतीत हा गुण म्हणजे पाऊस आणि उंची. तीच यंत्रे सपाट माळावर बसविली तर त्यांतून एक युनिटही निघणार नाही. तेव्हा यंत्रांवरील नफा कंपनीने जरूर घ्यावा. परंतु डोंगराच्या खंडात डोंगरावर राहणाऱ्याचा वाटा असणे हा त्याच्यावरील उपकार ठरत नाही.

मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह आरंभिला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. तो लढा १९२४ पर्यंत चालला आणि अखेर धरण झाले. जमिनीची एकरकमी किंमत देऊन व्यवहार मिटला असे मानले गेले. पण त्या पाण्यावर भिऱ्याचे वीजगृह आज शतकाच्या उंबरठ्यावर असतानाही उत्पन्न देत आहे. मोबदला एकदाच आणि उत्पन्न अखंड, असे हे गणित आहे. शासकीय प्रकल्पांची कथा फारशी वेगळी नाही. पोलादपूरच्या पूर्वेला सह्याद्रीची धार ओलांडली की कोयनेचे खोरे लागते. तेथील धरणाने साठच्या दशकात महाराष्ट्राला उजेड दिला. पण पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी तेथील धरणग्रस्तांना २०१८ मध्येही आंदोलनास बसावे लागले.

या अनुभवातून शासन काही शिकले नाही असे नव्हे. २००८ च्या राष्ट्रीय जलविद्युत धोरणाने यजमान राज्याच्या बारा टक्के मोफत विजेखेरीज आणखी एक टक्का वीज स्थानिक क्षेत्र विकास निधीसाठी राखून ठेवली आणि प्रकल्पग्रस्त कुटुंबाला दहा वर्षे दरमहा शंभर युनिट देण्याची तरतूद केली. वाटा अल्प होता, पण तो वाटा होता. एप्रिल २०२३ मधील केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मात्र उदंचन प्रकल्पांना मोफत विजेच्या बंधनातून मोकळे केले आणि नदीपात्राबाहेरील प्रकल्पांना स्थानिक निधीतूनही सूट दिली. उदंचन प्रकल्प निर्मितीपेक्षा अधिक वीज वापरतो, हे पहिल्या सवलतीचे समर्थन. अशा जागी विस्थापनाचा प्रश्न उद्भवत नाही, हे दुसरीचे.

दोन्ही कारणे तपासून पाहण्यासारखी आहेत. उदंचनात दुपारी सौर वीज मुबलक व स्वस्त असताना खालच्या जलाशयातील पाणी वर चढवितात आणि संध्याकाळी वीज महाग झाली की तेच पाणी खाली सोडतात. या फेऱ्यात सुमारे पाचवा हिस्सा वीज खर्ची पडते, हे सत्य आहे. परंतु कंपनी हा खटाटोप युनिटांसाठी करीत नसून दोन वेळच्या दरांतील तफावतीसाठी करते, आणि ती तफावत पदरात पाडून देतो तो डोंगर. व्यापारी धान्य पिकवीत नाही, म्हणून कोठाराचे भाडे देऊ नये असे कोणी म्हणत नाही. विस्थापनाविषयी म्हणाल, तर घर पाण्याखाली न जाताही चराऊ रान, झरा आणि पायवाट जाऊ शकते. शिवाय हे डोंगर किती नाजूक आहेत याची जाणीव २२ जुलै २०२१ रोजी झाली. त्या दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. असल्या भूभागात बोगदे खणले जाणार असतील, तर जोखमीचा पहिला भार कोणावर पडेल हे सांगावयास नको.

अन्य देशांनी याहून सुज्ञ मार्ग शोधले आहेत. नॉर्वेत १९१७ पासूनच्या कायद्यानुसार जलविद्युत कंपनीला दहा टक्क्यांपर्यंत वीज त्या भागातील नगरपालिकांना उत्पादनखर्चाच्या दराने द्यावी लागते. त्यामुळे तो देश वीजटंचाईत बुडाला नाही. कॅनडात क्वेबेक प्रांताच्या जेम्स उपसागर प्रकल्पाला क्री आदिवासींनी न्यायालयात आव्हान दिले आणि १९७५ साली करार घडवून आणला. २००२ सालच्या नव्या करारान्वये पन्नास वर्षे दरवर्षी ठरावीक रक्कम त्यांच्या स्वतःच्या संस्थेकडे जाते. ती कशावर खर्चावी हे तेच ठरवितात.

महाराष्ट्राला हे अशक्य का असावे? सामंजस्य करार हा अंतिम करार नसतो. अटी घालण्याची वेळ तीच असते. पहिली अट अशी की, स्थानिक वाटा युनिटांवर न बेतता प्रकल्पाच्या क्षमतेवर दर मेगावॅटमागे दरवर्षी आकारावा आणि महागाईनुसार वाढवावा. दुसरी, हा पैसा थेट ग्रामसभेच्या खात्यात जावा व त्याचा हिशेब चावडीवर वाचला जावा. खाणींच्या स्वामित्वधनातून २०१५ पासून जिल्हा खनिज निधी उभा राहिला खरा. पण जिल्ह्याच्या गावी ठरणारा खर्च खाणीशेजारच्या वाडीपर्यंत पोहोचतोच असे नाही, हा धडा विसरता कामा नये. तिसरी, २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावे आधी निकालात काढावेत. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात मोडत नसल्याने येथील कातकरी व ठाकरांना पेसा कायद्याचे संरक्षण नाही. वनहक्काचा कागद हाच त्यांचा आधार आहे.

यामुळे वीज महागेल, असा आक्षेप येईल. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु आजची स्वस्ताई कोणीतरी आपला वाटा सोडून दिल्यामुळे आहे, हे शहरातील ग्राहकाने एकदा मनाशी कबूल करावयास हवे. संध्याकाळी मुंबईत दिवे लागतात तेव्हा त्यांची किंमत डोंगरातल्या माणसाने चुकवावी, ही व्यवस्था शंभर वर्षे चालली. पुढची शंभर वर्षे ती चालवावयाची की नाही, याचा निर्णय पहिला सुरुंग उडण्यापूर्वी झाला पाहिजे. नंतर उरेल ते केवळ शिवणयंत्रांचे वाटप.