भाड्याचे घर, स्वतःचे सामान

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या पेठांत शिरले, तेव्हा एका धान्य व्यापाऱ्याच्या दुकानातील सारी पोती भिजली. मालाचा विमा होता. उशिरा का होईना, भरपाई मिळाली. दुकानामागच्या घरातील कपाटे, अंथरुणे, शिलाई यंत्र यांचा मात्र एक रुपयाही आला नाही. मालाच्या विम्याचा हप्ता कधी न चुकविणाऱ्या त्या कुटुंबाला संसाराचाही विमा काढता येतो, हे सुचलेच नव्हते.

पुढे त्यांचा मुलगा व सून पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहू लागले. पहिल्याच भेटीत अण्णांनी विचारले, "इथल्या सामानाचा विमा कोणी काढलाय?"

"घरमालकाने काढला असेल की," मुलगा म्हणाला.

"त्याने काढला असेल तर आपल्या भिंतींचा. तुमचे लॅपटॉप भिजले तर तो कशाला भरून देईल?"

त्या रात्री सुनेने यादी केली. दोन लॅपटॉप, दोन मोबाईल, फ्रीज, शेगडी, मिक्सर, गाद्या, कपडे, पुस्तके. करारनाम्यात घरमालकाचे म्हणून नोंदलेले पलंग व कपाट तिने वगळले. प्रत्येक वस्तूपुढे ती आज नव्याने घ्यावी लागली तर पडणारी किंमत लिहिली. बेरीज २ लाख ४० हजारांवर गेली, तेव्हा "आपल्याकडे आहेच काय?" असे म्हणणारा मुलगा गप्प झाला.

१ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी विमा कंपन्यांकडे मिळते. भाडेकरूला तीत केवळ सामानाचा विमा घेता येतो. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, पाण्याची टाकी वा नळ फुटणे अशा आपत्ती तीत येतात. तिसऱ्या मजल्यावर पुराचे भय नसले, तरी गच्चीवरील टाकी फुटण्याचे असतेच. हप्ताही परवडणारा होता. मुलगा पैसे भरायलाच निघाला होता.

सुनेने मात्र अटी शेवटपर्यंत वाचल्या. चोरीचा उल्लेख होता, पण तो अशा एखाद्या आपत्तीमुळे, तिच्यानंतरच्या ७ दिवसांत झालेल्या चोरीपुरता. दोघेही दिवसभर महाविद्यालयात आणि घराला कुलूप, अशा संसाराला जी धास्ती सर्वांत मोठी, तीच नेमकी बाहेर राहत होती. म्हणून घरफोडीचा विमा स्वतंत्रपणे घ्यावा लागला. त्यातही बहुधा कुलूप वा दार फोडल्याची खूण लागते. चपलांच्या मांडणीत किल्ली ठेवण्याची सवय त्याच दिवशी मोडली.

दागिने सामान्य सामानात धरले जात नाहीत. त्यांसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. विद्यार्थ्यांच्या घरात त्यांचे काम तरी काय, असे म्हणून सुनेने ते सासूबाईंबरोबर सांगलीच्या लॉकरमध्ये पाठविले. घराबाहेर नेलेल्या लॅपटॉपचाही प्रश्न होता. दोन्हींचा वेगळा विमा झेपेना. तेव्हा जिचा प्रबंध चालू होता, तिच्याच लॅपटॉपचा घेतला. विम्यातून यंत्राची किंमत मिळते, आतले दोन वर्षांचे काम मिळत नाही. त्यामुळे रोज रात्री प्रबंधाची प्रत दुसरीकडे उतरवून ठेवण्याचा नेम ठरला.

पॉलिसीवर दोघांचीही नावे घातली. ११ महिन्यांचा करार संपून घर बदलले, तर नवा पत्ता कंपनीला लेखी कळवायचा, हे दिनदर्शिकेवर लिहिले. पावत्यांची व सामानाची छायाचित्रे यादीसह सांगलीला पाठविली. घरच जळाले तर घरातील पावत्या काय कामाच्या!

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. यादी त्यांनी दोनदा वाचली होती. दुकानामागच्या घराची अशी यादी पुरानंतरही कोणी केलेली नव्हती. "कशी लिहायची ते सांग गं," त्या सुनेला म्हणाल्या. वही उघडलेली होती आणि पहिल्या ओळीवर शिलाई यंत्र लिहून झाले होते.