महाराजाचा मुजरा

जाहिरात ही मुळातच अल्पायुषी. काम संपले की फलक पुसला जातो, पत्रक रद्दीत जाते आणि त्याबद्दल कोणी शोक करीत नाही. तथापि एखादी जाहिरात शहराच्या बोलण्याचालण्यात इतकी मिसळून जाते, की तिच्या जाण्याने आपल्याच घरातले कोणी गेल्यासारखे वाटते. एअर इंडियाच्या ‘महाराजा’ने मुंबईत हे स्थान मिळविले होते.

एअर इंडियाचे बॉबी कुका आणि जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरातसंस्थेतील चित्रकार उमेश राव यांनी १९४६ साली त्याला जन्म दिला, तो टिपणवहीच्या कागदावरील एक गंमत म्हणून. पुढे हा गुबगुबीत, मिशाळ, कमरेत वाकून स्वागत करणारा गृहस्थ जगभर हिंडला. जपानच्या भित्तिपत्रकावर तर तो सुमो मल्ल झाला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने जगापुढे जाताना स्वतःच्याच थाटामाटाची थट्टा करावी, यास मोठा आत्मविश्वास लागतो. १९७१ साली खऱ्या संस्थानिकांचे तनखे बंद झाले, परंतु या कागदी महाराजाची गादी शाबूत राहिली. केम्प्स कॉर्नरच्या फलकावर चालू घडामोडींवरील त्याची टिप्पणी बसमधून वाचणाऱ्या बहुतेकांनी विमानात कधी पाऊलही ठेवले नव्हते. तरीही महाराजा त्यांचा होता.

या आठवणींनी गहिवरताना एका गोष्टीचा विसर पडू नये. त्या काळी आंतरराष्ट्रीय विमानभाडी ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या संघटनेत ठरत. तिकीट स्वस्त करून प्रवासी खेचण्याची सोय नव्हती. म्हणून स्पर्धा चाले ती आतिथ्याची, अभिरुचीची आणि चित्रांची. १९६७ साली साल्वादोर दालीकडून रक्षापात्रे घडवून घेऊन मोबदल्यात त्याला हत्तीचे पिल्लू देण्याची चैन अशाच व्यवस्थेत परवडू शकते. त्या सुंदर भित्तिपत्रकांची किंमत प्रवासी चढ्या भाड्यातून मोजत होते. आज जाहिरातीत केवळ भाड्याचा आकडा आणि सवलतीची मुदत दिसते, हे रुक्ष खरे. परंतु त्याच आकड्याने सामान्य कुटुंबाला विमानाची शिडी चढता आली. शिवाय त्या विनोदांतील काही, विशेषतः स्त्रियांचे चित्रण, आज खटकल्यावाचून राहणार नाही. तेव्हा तो काळ परत यावा, असे म्हणण्यात अर्थ नाही.

त्या काळाची नोंद मात्र राहिली पाहिजे. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परतली, २०२३ साली तिचे बोधचिन्ह बदलले. नव्या मालकाने नवी वस्त्रे घ्यावीत, हा त्याचा अधिकार होय. कंपनीचा चित्रशिल्पसंग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपविण्याचा निर्णय झाला, हेही योग्यच. परंतु भित्तिपत्रके, वेळापत्रके, भोजनपत्रिका आणि हाताने रंगविलेले फलक यांना कलेच्या पंक्तीत बसविण्यास आपण अजूनही कचरतो. ज्यांनी ते रंगविले, त्यांपैकी किती जणांची नावे आपणास सांगता येतील? फ्लेक्सच्या छपाईने त्यांचा व्यवसायही नामशेष होत चालला आहे.

नरिमन पॉइंटवरील एअर इंडियाची इमारत १,६०१ कोटी रुपयांना महाराष्ट्र शासनाने घ्यावी, या व्यवहारास २०२४ साली केंद्राची मान्यता मिळाली. तेथे कार्यालये थाटावीत, हा शासनाचा विचार समजण्याजोगा आहे. परंतु तळमजल्यावरील एक दालन मुंबईच्या जाहिरातकलेसाठी राखून ठेवल्यास कोणत्याही खात्याचे काम अडणार नाही. जुने कागद ज्यांच्या माळ्यावर आहेत, ती पिढी आज वृद्ध आहे. ते कागद वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी मागून घेतले पाहिजेत. पाऊण शतकाहून अधिक काळ वाकून आपले स्वागत करणाऱ्या महाराजाचा मुजरा परत करण्याची ही संधी शासनाने दवडू नये.